शर्करा, विकर आणि संप्रेरक : मराठी जीवरासायनिक परिभाषेची चिकित्सा

१. प्रास्ताविक

मराठीतून विज्ञान शिकविता येते काय, हा वाद आता जुना झाला आहे. माध्यमिक शाळेच्या पाठ्यपुस्तकांनी, शासनाच्या भाषा संचालनालयाने सिद्ध केलेल्या परिभाषाकोशांनी आणि मराठी विश्वकोशाने त्याचे उत्तर प्रत्यक्ष कृतीने दिलेले आहे. त्यानंतर उरणारा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे. जी परिभाषा घडली ती आपले काम कितपत चोख बजावते, हा तो प्रश्न होय. परिभाषेविषयीची आपली चर्चा बहुधा 'संस्कृतनिष्ठ की सुबोध' या एकाच द्वंद्वाभोवती फिरत राहते. शब्द कानाला जड वाटतो की हलका, यावरून त्याचा निवाडा केला जातो. तो शब्द वापरला असता वाचकाच्या मनात नेमकी कोणती संकल्पना उभी राहते, आणि चुकीची उभी राहिल्यास त्याचे काय होते, याची तपासणी क्वचितच होते.

प्रस्तुत लेखात जीवरसायनातील तीन वर्गनामांची अशी तपासणी करावयाची आहे : शर्करा, विकर आणि संप्रेरक. ही तिन्ही नावे निवडण्यास कारण आहे. वर्गात शिकविलेला हा शब्दसंग्रह पुढे विद्यार्थ्याच्या घरात, त्याच्या आईवडिलांच्या तपासणी अहवालात आणि औषधाच्या चिठ्ठीत पुन्हा भेटतो. येथे शब्दाची चूक उत्तरपत्रिकेतील एका गुणापुरती राहत नाही. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशात वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या प्रथम वर्षाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली आणि त्यांतील एक विषय जीवरसायन हाच होता. मराठीतही असा प्रयत्न करावयाचा झाल्यास परिभाषेचा हिशेब आधीच मांडून ठेवणे इष्ट ठरेल.

२. तपासणीचे निकष

परिभाषिक संज्ञेची परीक्षा तीन निकषांवर करता येईल. पहिला निकष भेदक्षमतेचा : एक संज्ञा शेजारच्या संज्ञेपासून निःसंदिग्धपणे वेगळी राहते काय? दुसरा प्रजननक्षमतेचा : तिच्यापासून पुढील संज्ञा सहज साधता येतात काय? तिसरा संक्रमणक्षमतेचा : ती पाठ्यपुस्तकाबाहेर पडून दवाखान्यापर्यंत जाऊ शकते काय? सुबोधता हा स्वतंत्र निकष येथे मानलेला नाही. परिभाषिक संज्ञा व्याख्येने कळते, तिच्या व्युत्पत्तीने नव्हे. 'गुरुत्वाकर्षण' हा शब्द सोपा आहे म्हणून रुळला नाही, तो सातत्याने वापरला गेला म्हणून सोपा झाला.

आज मराठी वाचकाला या विषयात तीन भाषास्तर भेटतात. शालेय पाठ्यपुस्तकात 'कर्बोदके', 'विकरे', 'संप्रेरके' आहेत. मराठी विश्वकोशात 'कार्बोहायड्रेटे', 'एंझाइमे', 'हॉर्मोने' अशा नोंदी आहेत. दवाखान्यात आणि बोलण्यात 'शुगर', 'एन्झाइम', 'हार्मोन्स' आहेत. तिन्ही स्तरांमागे आपापली दृष्टी आहे. परंतु त्यांना जोडणारा पूल कोणीही बांधलेला नाही.

तिन्ही संज्ञांची गाठ शरीरात एकाच ठिकाणी पडते, ते ठिकाण म्हणजे स्वादुपिंड. ही ग्रंथी दुहेरी कामाची आहे. एकीकडे ती अमायलेज, लायपेज यांसारखी पाचक विकरे नलिकेवाटे आतड्यात सोडते. दुसरीकडे तिच्यातील पेशींची बेटे इन्सुलिन व ग्लुकागॉन ही संप्रेरके थेट रक्तात सोडतात. या बेटांचे वर्णन पाउल लांगरहान्स यांनी १८६९ साली केले, आणि बेट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच 'इन्सुलिन' हे नाव आले. भाताचा घास घेतला की अमायलेज हे विकर त्यातील पिष्टाचे तुकडे करते, शेवटी ग्लुकोज ही शर्करा रक्तात येते, आणि इन्सुलिन हे संप्रेरक तिला स्नायूंच्या व मेदाच्या पेशींत शिरण्यास वाट करून देते. हे एक वाक्य विद्यार्थ्याला गोंधळ न होता समजले, तर परिभाषा यशस्वी झाली असे म्हणता येईल. आता एकेक संज्ञा पाहू.

३. शर्करा : जुन्या शब्दाचे नवे ओझे

'शर्करा' हा शब्द आपल्याकडून जगभर गेला. त्याचा मूळ अर्थ खडा, वाळू असा. त्यावरून दाणेदार साखरेला तो लागला. प्राकृतातील 'सक्करा'वरून ग्रीकांनी आपला शब्द घडविला आणि आजचे 'सॅकराइड' हे वर्गनाम त्यातून आले. त्यामुळे 'मोनोसॅकराइड'ला 'एकशर्करा' आणि 'पॉलिसॅकराइड'ला 'बहुशर्करा' म्हणणे हे भाषांतर नसून घरवापसी आहे. प्रजननक्षमतेच्या निकषावर ही संज्ञा निर्विवादपणे उतरते.

अडचण भेदक्षमतेची आहे. आयुर्वेदाच्या अभ्यासकाला 'शर्करा' मूत्रमार्गातील बारीक खड्यांच्या अर्थानेही परिचित आहे. सुश्रुतसंहितेत अश्मरीच्या विवेचनात ती याच अर्थाने येते. ही संदिग्धता तज्ज्ञांपुरती असल्याने संदर्भाने सुटते. खरी संदिग्धता 'शर्करा' आणि 'साखर' यांच्यातील आहे. रक्तातील ग्लुकोजला आपण 'रक्तशर्करा' म्हणतो आणि बोलताना 'साखर' म्हणतो. 'साखर वाढली', 'साखर तपासली', 'तीन महिन्यांची साखर काढली' ही वाक्ये घरोघरी ऐकू येतात. परंतु डब्यातील साखर म्हणजे सुक्रोज. ती ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांच्या एकेका रेणूच्या जोडणीने झालेली द्विशर्करा आहे. रक्तात सुक्रोज फिरत नसते, ग्लुकोज फिरत असते, आणि तेही फार थोडे. दर शंभर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम हे प्रमाण धरले तर पाच लिटर रक्तात सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. उपाशीपोटी हेच प्रमाण १२६ किंवा त्याहून अधिक असल्याचे पुनश्च तपासणीत आढळले की मधुमेहाचे निदान होते.

एकाच शब्दाने डबा आणि रक्त दोन्ही दर्शविल्याचा परिणाम काय होतो, हे प्रत्येकाने आपल्या नात्यागोत्यात पाहिलेले असते. चहातील साखर बंद होते आणि तिच्या जागी गूळ येतो. भाताचे ताट तसेच राहते, कारण भातात 'साखर' नसते. रुग्ण पथ्य मोडीत नाही. तो शब्दाप्रमाणेच वागतो. डब्यातील वस्तूचे नाव रक्तातील वस्तूला दिल्यावर त्याने डबा बंद केला, यात त्याचा दोष नाही.

येथे परिभाषाकारांचा दुसरा एक प्रयत्नही तपासला पाहिजे. ग्लुकोजला 'द्राक्षशर्करा', फ्रुक्टोजला 'फलशर्करा', सुक्रोजला 'इक्षुशर्करा' आणि लॅक्टोजला 'दुग्धशर्करा' अशी उगमावरून नावे देण्याची पद्धत आहे. नावे श्रुतिमधुर आहेत, पण 'दुग्धशर्करा' वगळता ती दिशाभूल करतात. द्राक्षात ग्लुकोजबरोबर फ्रुक्टोजही भरपूर असते. सुक्रोज उसाप्रमाणेच बीटापासूनही मिळते. फळांत तिन्ही शर्करा कमीअधिक प्रमाणात असतात, त्यामुळे 'फलशर्करा' या नावावरून फळातील गोडवा वेगळ्याच जातीचा असतो अशी समजूत होते. वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाच्या तत्त्वांप्रमाणे संयुगांची आंतरराष्ट्रीय नावे लिप्यंतराने तशीच ठेवावयाची असतात. ते तत्त्व येथे सर्वथा योग्य आहे.

'कर्बोदके' या वर्गनामाविषयी एक नोंद आवश्यक वाटते. कर्ब आणि उदक यांची ही जोडणी मूळ पाश्चात्त्य संज्ञेचे तंतोतंत प्रतिरूप आहे, आणि म्हणून मूळ संज्ञेतील चूकही तिच्यात उतरली आहे. हे पदार्थ म्हणजे कार्बनशी संयोग पावलेले पाणी, ही कल्पना मागे पडली. डीऑक्सिरायबोज ही शर्करा तर त्या सूत्रातही बसत नाही. तरीही संज्ञा रूढ असल्याने ती ठेवण्यास प्रत्यवाय नाही. आहारविषयक लेखनात तिच्याऐवजी येणारा 'पिष्टमय पदार्थ' हा पर्याय मात्र टाळावा. पिष्ट हा या वर्गाचा केवळ एक घटक आहे. साखरेला 'पिष्टमय' म्हणताना आपण भाग आणि समग्र यांची अदलाबदल करतो.

४. विकर : एका कान्याचे अंतर

'एंझाइम' ही संज्ञा विल्हेल्म क्यूने यांनी १८७० च्या दशकात रूढ केली. तिचा शब्दार्थ 'किण्वात असलेले' असा होतो. आपल्या स्वयंपाकघरातील विरजण ही कल्पना तिच्या अगदी जवळची आहे. मराठीत 'वितंचक' हा जो पर्याय काही काळ वापरला गेला त्याच्या मुळाशीही गोठविण्याचा, विरजण्याचा अर्थ आहे. पाठ्यपुस्तकांनी स्वीकारलेली 'विकर' ही संज्ञा 'वि' उपसर्ग आणि 'कृ' धातू यांवरून साधली आहे. बदल घडविणारे ते विकर. संज्ञा लहान आहे, तिच्यापासून 'सहविकर' सारखे शब्द सहज होतात, आणि पदार्थाच्या घटनेविषयी ती काहीही गृहीत धरत नाही. हा शेवटचा गुण लहान नाही. विकर म्हणजे प्रथिनच, असे दीर्घकाळ मानले जाई. परंतु काही आरएनए रेणूही हेच कार्य करतात असे आढळले आणि त्या शोधास १९८९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. संज्ञेतच 'प्रथिन' गोवलेले असते तर ती त्या दिवशी निकामी झाली असती.

तरीही 'विकर' पहिल्याच निकषावर अडखळते. मराठीत 'विकार' हा शब्द रोग या अर्थाने सर्वत्र रूढ आहे. दोहोंत एका कान्याचे अंतर आहे, आणि विभक्तीचे प्रत्यय लागल्यावरही तेवढेच राहते : विकराचा, विकाराचा, विकरांमुळे, विकारांमुळे. हे दोन शब्द परस्परांपासून दूर राहते तर चालले असते. परंतु वैद्यकात ते एकाच वाक्यात येतात. लॅक्टेज या विकराच्या कमतरतेमुळे दूध न पचण्याचा विकार जडतो, हे साधे वाक्य घ्यावे. पहिल्या शब्दात एक काना अधिक पडला की विकाराच्या कमतरतेमुळे विकार जडतो, असा अर्थ होतो. मुद्रितशोधकाच्या नजरेतून तो काना सहज निसटतो, कारण 'विकार' हा शब्द आरोग्यविषयक मजकुरात शोभूनच दिसतो. शुद्धलेखन तपासणारी संगणकीय प्रणालीही येथे मदत करू शकत नाही, कारण दोन्ही रूपे शुद्ध आहेत. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांच्या मराठी उत्तरपत्रिका तपासताना 'पाचक विकार' पचनास मदत करतात, असे वाक्य प्रस्तुत लेखकाने वाचले आहे. विद्यार्थ्याला कल्पना समजलेली होती. संज्ञेने त्याला फसविले.

कान्याचा हा प्रश्न विकरांच्या विशेषनामांतही पाठ सोडीत नाही. शर्करांच्या नावांच्या शेवटी 'ओज' आणि विकरांच्या नावांच्या शेवटी 'एज' येतो. पायें आणि पेर्सो यांनी १८३३ साली वेगळ्या केलेल्या 'डायास्टेज'वरून तो विकरदर्शक प्रत्यय पुढे सर्वसामान्य झाला. देवनागरीत 'ओ'चे चिन्ह म्हणजे काना अधिक मात्रा. काना गेला की 'लॅक्टोज'चे 'लॅक्टेज', 'माल्टोज'चे 'माल्टेज', 'अमायलोज'चे 'अमायलेज' होते, म्हणजेच पदार्थाच्या जागी त्याचे विघटन करणारा पदार्थ येतो. रोमन लिपीतही हे अंतर एकाच अक्षराचे आहे, तेव्हा दोष केवळ आपल्या लिपीचा नाही. मूळ व्यवस्थेतच असलेल्या या नाजूक जागी आपण 'विकर' आणि 'विकार' यांची दुसरी नाजूक जागा स्वतःहून निर्माण केली, एवढाच आक्षेप आहे.

विश्वकोशाने 'एंझाइम' हेच रूप स्वीकारले, आणि या एका संज्ञेपुरता त्याचा निर्णय अधिक सुरक्षित वाटतो. 'सहएंझाइम' हा शब्द ओबडधोबड आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु ओबडधोबड शब्दाने कोणाची फसगत होत नाही. शिवाय यकृताच्या तपासणीचा अहवाल हाती पडलेल्या माणसाला 'एन्झाइम' हा शब्द आधीच ठाऊक असतो. संक्रमणक्षमतेच्या निकषावरही पारडे तिकडेच झुकते.

५. संप्रेरक : यशाची मीमांसा

बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १९०२ मध्ये सिक्रिटिन या पदार्थाचा शोध लावला. आतड्यातून रक्तावाटे निघालेला हा पदार्थ स्वादुपिंडाला पाचक रस सोडण्यास लावतो. अशा पदार्थांना वर्गनाम हवे म्हणून स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये 'हॉर्मोन' ही संज्ञा वापरली. तिच्यातील ग्रीक क्रियापदाचा अर्थ चेतविणे, प्रवृत्त करणे असा आहे. 'संप्रेरक' ही मराठी संज्ञा हा आशय समर्थपणे पेलते, आणि तेही परक्या शब्दाचा वास येऊ न देता.

तिचे मोल तिच्या प्रतिस्पर्ध्यांशी तुलना केल्यावर कळते. 'अंतःस्राव' हा शब्द प्रक्रियेचे नाव पदार्थाला देतो. शिवाय नवख्या वाचकाला पाचक रसही 'आत'च स्रवताना दिसतो. मग स्वादुपिंडातील अमायलेज अंतःस्राव का नाही आणि इन्सुलिन का आहे, हे त्याला उमगत नाही. 'उत्तेजक स्राव' हे वर्णन दुसऱ्या अंगाने तोकडे पडते. सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक इन्सुलिन व ग्लुकागॉन या दोहोंच्या स्रवण्यास आवर घालते. त्याला उत्तेजक म्हणणे कठीण आहे. 'प्रेरणा' मात्र थांबण्याचीही असू शकते.

'संप्रेरक' सर्वथा निर्दोष आहे असे नाही. रसायनशास्त्रात आपण 'उत्प्रेरक' ही संज्ञा वापरतो आणि विकराची व्याख्या 'जैविक उत्प्रेरक' अशी करतो. म्हणजे विकर हे उत्प्रेरक आणि इन्सुलिन हे संप्रेरक. एकाच धातूपासून आलेले, केवळ उपसर्गाने भिन्न असलेले दोन शब्द एकाच पाठात आल्यामुळे गोंधळ संभवतो. परंतु हा गोंधळ कान्याच्या गोंधळासारखा नाही. 'उत्' आणि 'सम्' हे उपसर्ग डोळ्यांना आणि कानांना स्वतंत्रपणे जाणवतात. शिक्षकाने फरक एकदा स्पष्ट केला की तो टिकतो. उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग बदलतो, संप्रेरक दूरच्या पेशीला संदेश देते. 'संप्रेरक' ठेवावे, आणि 'हार्मोन' हा दवाखान्यातील शब्द त्याचा पर्याय म्हणून प्रारंभीच नोंदवावा, हे उचित होय.

६. एक उलट उदाहरण

येथवरच्या विवेचनावरून मराठी संज्ञा नेहमीच कमकुवत ठरते असा समज होऊ नये. पाश्चात्त्य वैद्यकात 'डायबिटीस मेलिटस' आणि 'डायबिटीस इन्सिपिडस' असे दोन रोग आहेत. पहिला इन्सुलिनशी, दुसरा व्हॅसोप्रेसिन या वेगळ्याच संप्रेरकाशी संबंधित आहे. दोहोंत समान काय, तर अतिमूत्रता. समान नावामुळे दुसऱ्या रोगाच्या रुग्णांवर पहिल्याच रोगाच्या दृष्टीने उपचार होणे, आवश्यक औषध न मिळणे, असे गंभीर प्रकार घडले. अखेर तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२२ मध्ये दुसऱ्या रोगाचे नावच बदलण्याची शिफारस केली. मराठीत पहिल्या रोगाला प्राचीन काळापासून 'मधुमेह' म्हणतात. मूत्रातील माधुर्याचे लक्षण नावातच असल्याने गोड नसलेल्या मूत्राच्या रोगाशी त्याची गल्लत होण्यास वाव नाही. जी भेदक्षमता साधण्यासाठी तेथे नामांतर करावे लागले, ती आपल्या शब्दात मुळातच होती.

हे उदाहरण आणखी एका गोष्टीची साक्ष देते. रूढ झालेली संज्ञा बदलणे म्हणजे पूर्वसूरींचा अनादर नव्हे. विकरांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात १९६१ पासून सहा वर्ग होते. २०१८ मध्ये सातव्याची भर पडली. परिभाषा हे चालू काम आहे. आपण मात्र कोश छापून झाला की काम संपले असे मानतो.

७. निष्कर्ष

उपरोक्त चिकित्सेवरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) वर्गनामे शक्यतो मराठी असावीत आणि विशेषनामे आंतरराष्ट्रीय असावीत. 'द्राक्षशर्करा', 'फलशर्करा' यांसारखी उगमदर्शक नावे पाठ्यपुस्तकांतून वगळावीत.

२) विशेषनामाबरोबर प्रथमोल्लेखी वर्गनाम द्यावे : 'लॅक्टोज ही शर्करा', 'लॅक्टेज हे एंझाइम', 'इन्सुलिन हे संप्रेरक'. पेप्सिन, ट्रिप्सिन ही एंझाइमे आणि इन्सुलिन, सिक्रिटिन ही संप्रेरके; शेवट सर्वांचा 'इन'. नावावरून वर्ग कळत नाही, म्हणून तो सांगितला पाहिजे. एखादा काना निसटला तरी वर्गनाम वाचकाला सावध करील.

३) 'संप्रेरक' ही संज्ञा कायम ठेवावी. 'विकर' या संज्ञेचा मात्र 'विकार'शी होणारा संकर ध्यानी घेऊन फेरविचार व्हावा, आणि निदान आरोग्यविषयक लेखनात 'एंझाइम' वापरावे.

४) रुग्णांसाठीच्या मराठी मजकुरात 'रक्तातील साखर' याऐवजी 'रक्तातील ग्लुकोज' असे लिहावे. 'ग्लुकोज' हा शब्द खेड्यापाड्यांतही अपरिचित राहिलेला नाही.

शेवटच्या मुद्द्यावर भाषेच्या अध्यापकाने आग्रह धरावा, हे काहींना विपरीत वाटेल. घरचा शब्द सोडून परका शब्द का घ्यावा, असा प्रश्न विचारला जाईल. उत्तर असे की 'साखर' हा शब्द आपण सोडीत नाही; तो डब्यातील वस्तूसाठी राखून ठेवीत आहोत. प्रत्येक वस्तूला तिचे स्वतःचे नाव मिळणे, हीच परिभाषेची पहिली गरज आहे. मराठीचे हित शब्दांच्या कुळात नाही, मराठी वाचणाऱ्याला नेमके कळण्यात आहे. गुळाचा चहा पिऊन निश्चिंत बसलेल्या माणसाला त्याच्या भाषेने सावध केले, तर ती भाषा ज्ञानभाषा झाली असे म्हणता येईल.